चार वाजताची कूस

दोन वाजायला चार मिनिटं असताना मी आईच्या गुडघ्यांमधली उशी काढली, एक हात तिच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि तिला डाव्या कुशीवर वळवलं. पाठ पुसली, पावडर लावली, चादरीच्या सुरकुत्या ओढून काढल्या, उशी पुन्हा गुडघ्यांमध्ये ठेवली. मग माकडहाडावरच्या त्या नाण्याएवढ्या जागेवर बोट दाबून पाहिलं. लाल जागा दाबल्यावर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर समजायचं की कातडी आतून हरायला लागली आहे. आज पांढरी पडली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, आई."

सहा वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिचे सगळे शब्द गेले, हा एक राहिला. भूक लागली तरी झालं, पाणी नको असलं तरी झालं, खिडकीत पाखरू येऊन बसलं तरी झालं. सूरही एकच, विचारल्यासारखा. या बाईने उभ्या आयुष्यात दूधवाल्यापासून माझ्या मुख्याध्यापिकेपर्यंत कुणाला फैलावर घ्यायचं सोडलं नव्हतं. तिच्याकडे शिल्लक ठेवायला एकच शब्द होता, तर 'चालती हो' तरी ठेवायचा होता, असं मला कधीकधी वाटतं. निदान माझ्या भावजयीला तरी तो ओळखीचा वाटला असता.

पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर तक्ता आहे. बारा रकाने, दर दोन तासांनी एक. दोन वाजता 'डा', चार वाजता 'उ', सहा वाजता 'डा', आठ वाजता 'उ', असं चोवीस तास. रात्रीचे रकाने गजराने भरतात, दिवसाचे माझ्या डोक्यात वाजतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन तास म्हणजे दोन तास. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. मी एकतीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात होते. दोन तास म्हणजे दोन तास, हे मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं.

डेपोत माझा दरारा होता, हे सांगायला हरकत नाही. एका नव्या कारकुनाने एकदा तक्त्यात नुसता 'ब' लिहिला होता. त्याच्या मनात बंदर होतं, ड्रायव्हरने बाजार वाचलं, आणि बंदरावरची चाळीस माणसं तास-दीड तास उन्हात उभी राहिली. मी त्या कारकुनाला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "एका अक्षरात दोन थांबे बसवणारा तू कोण लागून गेलास?" पुढे वर्षभर तो मला पाहिलं की जिन्यावरूनच मागे फिरायचा.

आईचं हे आजारपण आल्यावर मी मुदतीआधीच नोकरी सोडली. तेव्हापासून घराबाहेर सलग दीड तासाच्या वर मी कधी राहिलेले नाही. बाजार, बँक, औषधं, दाताचं दुखणं, एका मैत्रिणीची अंत्ययात्रासुद्धा, सगळं दोन रकान्यांच्या मधल्या फटीत बसवलं. अंत्ययात्रेतून मी वाटेतच मागे फिरले. मी अडकलेली आहे. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. वेळापत्रकात 'सुटी नाही' असं लिहितात, तसं सांगते.

आता गाडीचं. मला गाडी येत नाही. सायकलही येत नाही. भावाने हौसेने व्हिडिओ गेमचं यंत्र घेतलं होतं, लग्नानंतर ते इथे आणून टाकलं आणि म्हणाला, "ताई, पडून राहील त्यापेक्षा आईला यावर सिनेमे दाखव." आईला सिनेमे नको होते. एका दुपारी मी सहज त्यातली शर्यतीची तबकडी लावली. सुरुवातीलाच तो खेळ एक गाडी फुकट देतो. फिकट हिरवी, दोन दारांची, शाळेतल्या बाईंनी घ्यावी तशी. सगळे दुसऱ्याच दिवशी ती विकून मोठी घेतात. मी चार वर्षांत विकली नाही.

त्या गाडीवर माझा जीव आहे. तिच्यात जोर नाही, म्हणून जे हाताशी आहे ते सांभाळावं लागतं. वळणावर ब्रेक जास्त दाबला तर गेलेला वेग परत मिळवायला पुढचा अख्खा सरळ रस्ता खर्ची पडतो. तेव्हा ब्रेक लावायचाच नाही. आधीपासून वेगाच्या बटणावरचं बोट उचलायचं आणि गाडीला आपल्या मनाने वाहू द्यायचं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा लागत नाही, पेट्रोल वाचतं. मऊ टायर पळतात छान पण लवकर झिजतात, कडक टायर रटाळ असतात पण टिकतात. कधी थांबायचं, किती भरायचं, काय बदलायचं, हे आधी कागदावर ठरवायचं आणि मग कागदाप्रमाणे वागायचं. मोठ्या गाडीला हात चपळ लागतात. माझी बोटं सकाळी बरणीचं झाकणही धड उघडत नाहीत. लहान गाडीला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे.

आम्ही आठ जण रविवारी दुपारी खेळतो. एकमेकांना कुणी पाहिलेलं नाही. एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला सगळे दात म्हणतात. एक पाण्याचे पंप दुरुस्त करतो, तो पंप. मी डेपो. बाकीचे माईकवर बोलतात, मी माझा माईक बंद ठेवते, आणि कानातही काही घालत नाही, कारण आई ऐकू यायला हवी. बोलायचं तर टीव्हीवर एकेक अक्षर निवडून लिहावं लागतं, त्यामुळे थोडक्यातच लिहिते. सुरुवातीला एकाने मला 'डेपोशेठ' म्हटलं, मी काही दुरुस्त केलं नाही. मग 'आलो' लिहायचं की 'आले', हा प्रश्न यायला लागला. तेव्हापासून मी क्रियापदच लिहीत नाही. 'तयार.' 'पाच मिनिटं.' 'टायर खलास.' त्यांना वाटतं मी निवृत्त ड्रायव्हर आहे आणि स्वभावाने तुसडा आहे. दुसरं खरंच आहे.

एकदा शर्यतीच्या मध्येच चार वाजले. मी गाडी टायर बदलायच्या जागी नेऊन उभी केली, घाईत लिहिलं, 'कूस बदलणे. सात मिनिटं,' आणि आत गेले. परत आले तर सगळे हसत होते. त्यांना वाटलं, डेपोत टायर बदलण्याला कूस म्हणत असणार. तो शब्द त्यांना इतका आवडला की आमच्यात आता तेच नाव पडलंय. "दात, कूस कधी घेतोयस?" "माझ्या दोन कुशी बाकी आहेत." मी वाचते, ऐकते आणि गप्प बसते.

तर यंदा दाताने टुमणं लावलं होतं, किती दिवस या डबड्यात फिरायचं, पुढच्या हंगामापासून मोठ्या गाड्या घेऊ. निम्मे त्याच्या बाजूने झाले. शेवटी ठरलं की हंगामाची शेवटची शर्यत अडीच तासांची ठेवायची, सगळे लहान गाडीत, आणि जो जिंकेल तो पुढच्या हंगामाची गाडी ठरवेल. मोठ्या गाड्या आल्या की माझं काय होणार ते मला दिसत होतं. दोन रविवार मी शेवटची येईन, तिसऱ्या रविवारी त्यांना माझ्यासाठी थांबायचा कंटाळा येईल. आठवड्यातली ती एक दुपार गेली तर माझ्याकडे बारा रकाने उरतात, बस.

मी कागद घेऊन बसले. चौसष्ट फेऱ्या. बाकीचे मऊ टायरवर पळणार, तीनदा थांबणार. मी कडक टायरवर, एकदाच थांबणार, बत्तिसाव्या फेरीला. दर फेरीला मी दीड सेकंद मागे पडेन, म्हणजे एकूण शहाण्णव सेकंद. दोन थांबे वाचले की शंभर सेकंद परत. चार सेकंदांनी मी जिंकत होते. फक्त शर्यत सव्वादोनला सुरू होऊन पावणेपाचला संपणार होती, आणि मध्ये चार वाजत होते. आईला नीट वळवायला सात मिनिटं लागतात. चार सेकंदांत सात मिनिटं बसत नाहीत.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी भावाला फोन केला आणि म्हणाले, रविवारी चार वाजता येऊन आईची कूस तेवढी बदल, मला कॉम्प्युटरवर एक काम आहे. कसलं काम ते त्याने विचारलं नाही. बहुधा पेन्शनचं वाटलं असावं. "अगं, त्यात काय, येतो की," म्हणाला. तो वाईट नाही. हॉस्पिटलात आई होती तेव्हा तोही रात्री बसला आहे, नर्सच्या हाताखाली कूस बदलायला शिकला आहे. घरी आल्यापासून मात्र त्याचा हात आईच्या कपाळाच्या खाली कधी गेला नाही.

रविवारी तो सांगितल्याप्रमाणे साडेतीनला आला. मी तेव्हा नुकतीच माझी एकुलती एक कूस घेऊन बाहेर पडले होते. बत्तीस फेऱ्या कागदाप्रमाणे गेल्या होत्या. टाकीत पेट्रोल नावालाच राहिलं होतं, पण राहिलं होतं. लॅचची किल्ली त्याच्याकडे आहे. बाहेरच्या खोलीत चपला काढल्याचा आवाज आला, मग आईशी बोलल्याचा. मी बंद दारातून ओरडले की तक्ता भिंतीवर आहे आणि मला मध्ये उठवू नकोस. तो बरं म्हणाला.

दाताने दोनदा थांबून घेतलं होतं, त्याची तिसरी कूस बाकी होती. तो माझ्या पुढे होता पण कोपऱ्यातला त्याचा आकडा मला सांगत होता की टायर संपत आलेत. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सहा वर्षांत पहिल्यांदा चार वाजत आले होते आणि उठायचं मला नव्हतं. दुसरं कुणीतरी होतं.

पंचेचाळिसाव्या फेरीला, एका लांब उजव्या वळणात असताना, भावाचा आवाज आला.

"ताई, चार वाजले. 'उ' ना?"

"हो, उ," मी म्हणाले. बोट उचललं, गाडी वळणातून वाहू दिली.

पलंग करकरला. भाऊ धापा टाकत काहीतरी गोड बोलत होता. मग आईचं "झालं?" ऐकू आलं, आणि त्याचं "झालं, झालं." मी मनातल्या मनात रकाना भरला. अठ्ठेचाळिसाव्या फेरीला दात थांबला आणि मी पहिली झाले. आयुष्यात मी कशातच पहिली आलेली नाही, वर्गात नाही की डेपोत नाही. पडद्यावर माझ्या नावापुढे एकचा आकडा होता आणि मी तो डोळ्याच्या कोपऱ्यातून परत परत पाहत होते.

"झालं?" आई भिंतीपलीकडे म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. साडेचारच्या सुमाराला भाऊ दाराशी आला आणि बाहेरूनच बोलला, "निघतो गं. आई सारखी झालं का, झालं का विचारतेय, मी सांगितलंय झालं म्हणून. पडलीय शांत." मी म्हणाले, "बरं, सावकाश जा." तो गेला.

अठ्ठावन्नावी फेरी. दात नव्या मऊ टायरवर होता आणि अकरा सेकंद मागे होता. सहा फेऱ्या, दर फेरीला दीड, म्हणजे नऊ. दोन सेकंद उरत होते. तेवढ्यात आई पुन्हा म्हणाली, "झालं?"

आई कूस बदलल्यावर एकदाच विचारते. दुसऱ्यांदा विचारलं तर काहीतरी हवं असतं. चौथ्यांदा ती कधी विचारत नाही. हे मला माहीत होतं, जगात फक्त मलाच माहीत होतं. मी उठायला हवं होतं. मी उठले नाही. मी ओरडले, "झालंच, आई, आलेच," आणि सहा फेऱ्या पूर्ण केल्या. भावाचं काय चुकलं ते पुढे सांगते, पण हे आधी सांगून ठेवते, कारण हे माझं आहे.

मी जिंकले. दीड सेकंदाने. पंप माईकवर आरडाओरडा करत होता, दाताने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं, डेपो, आज तरी तोंड उघड. मी कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि आत गेले. खोटं कशाला बोलू, मी हसत गेले.

आई उताणी होती.

तिला उताणं ठेवायचं नाही, हे मला इतकं पाठ होतं की मी ते कुठेही लिहिलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या तक्त्यात तीन बाजू होत्या, डावी, उजवी, उताणी. माकडहाडावर जखम झाली तेव्हा तिसरी काढून टाकली. जखम दोनदा भरली, दोनदा उघडली, मग तिसऱ्यांदा भरली आणि तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी राहिली. भावाला हॉस्पिटलातलं आठवत होतं. त्याने तक्ता पाहिला, 'उ' वाचलं, त्याला शंका आली, आणि त्याने विचारलंसुद्धा. आणि मी सांगितलं, हो, उ.

आई छताकडे बघत होती. चांगल्या हाताच्या मुठीत तिने चादर धरली होती. तिने डोळे माझ्याकडे वळवले.

मी तिला उजव्या कुशीवर वळवलं. चादर पाठीखाली गोळा झाली होती. त्याने उचलण्याऐवजी ओढलं असणार, माहीत नसलेला माणूस ओढतोच. नाण्याएवढी जागा ओली झाली होती. बोट दाबून पाहायची गरज नव्हती. मी कोमट पाणी आणलं, पुसलं, मलम लावलं, पट्टी लावली. सोमवारी नर्सबाई येतात, त्यांना दाखवायचं. पुन्हा तीन महिने, नशीब असेल तर. हात चालत होते, आणि मी रडत होते, म्हणून दोनदा पट्टी तिरकी लागली आणि दोनदा काढावी लागली.

गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. चादर ताठ केली. आता तिने विचारायला हवं होतं, तिने विचारलं नाही. मी पलंगाच्या त्या बाजूला गेले, खाली बसले, म्हणजे तिचा चेहरा माझ्या समोर येईल.

"चुकलं, आई," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. चादरीवरची मूठ सुटली.

"झालं," ती म्हणाली.

तो प्रश्न होता की नाही, मला सांगता येणार नाही. सूर एकच असतो.

मोबाइलवर भावाचा निरोप होता. काम झालं का तुझं, तक्ता बघूनच केलं हं सगळं. मी लिहिलं, हो, झालं, बरं झालं तू आलास. मग पेन घेतलं आणि तक्त्यासमोर उभी राहिले. सहा ठिकाणी 'उ' खोडून 'उजवी' लिहिलं, सहा ठिकाणी 'डा' खोडून 'डावी'. रकाने लहान होते, अक्षरं बाहेर गेली. खाली लिहिलं, उताणी नको. डेपोतला तो कारकून आठवला. त्याला मी सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मला उभं करायला खोलीत कुणी नव्हतं.

सोफ्याच्या खोलीत टीव्ही चालूच होता. त्यांचं बोलणं थांबून आता लिहिणं सुरू झालं होतं. दाताचं होतं, "हरलो बुवा. सांग, कोणती गाडी?" खाली कुणाचं, "डेपो गेला का?" मग पंपाचं, "अरे, जिंकून कुठे गायब झालास? एवढी कसली कूस चाललीय?"

मी कंट्रोलर उचलला आणि एकेक अक्षर निवडत लिहिलं.

"आईची कूस बदलत होते. सहा वर्षं तेच करते. गाडी हीच. शर्यत दीड तासाच्या वर नको."

पाठवलं आणि मग वाचलं. दोन क्रियापदं होती. चार वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं, संपलं. मग पंपाचं आलं, "ताई, सावकाश." त्याखाली दाताचं, "दीड तास ठीक आहे." बाकीच्यांनी काही लिहिलं नाही, पण कुणी निघूनही गेलं नाही, आठही नावं तशीच होती.

शर्यत जिंकली की हा खेळ तुमची गाडी एका गोल चौथऱ्यावर ठेवून दाखवतो. मी कधी जिंकले नव्हते, त्यामुळे हे मला माहीत नव्हतं. फिकट हिरवी गाडी स्वच्छ उजेडात उभी होती आणि चौथरा तिला हळूहळू फिरवत होता. डावी बाजू आली, मग पाठ, मग उजवी, आणि पुन्हा डावी. कुणी खांद्याखाली हात घातलेला नव्हता, कुणी ओढत नव्हतं.

सहा वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती. मी सोफ्यावर बसले, तिची एक फेरी पुरी होऊ दिली आणि मग टीव्ही बंद केला.